सातवीत अडकलेली पेशी

दहावीच्या वर्गात रक्ताचा विषय निघाला तेव्हा एका मुलीने विचारले, "टीचर, कॅन्सरच्या पेशी मारूनच टाकाव्या लागतात का? त्यांना सुधारता नाही येत?" सुधारता येते, निदान एका ब्लड कॅन्सरमध्ये तरी. ती हकिकत आपल्या वाचकांनाही सांगावीशी वाटली.

हाडांतली मज्जा म्हणजे रक्तपेशींची शाळाच. पांढरी पेशी तिथे जन्मते, एकेक इयत्ता चढते आणि तयार झाली की जंतूंशी लढायला रक्तात उतरते. वरच्या वर्गात चढवणारी काही प्रथिने असतात. त्यांतले एक रेटिनोइक ॲसिड रिसेप्टर अल्फा. ते जनुकांवर बसून असते. 'अ' जीवनसत्त्वापासून शरीरात बनणारे रेटिनोइक ॲसिड त्याला येऊन चिकटले की पेशी पक्व करणारी जनुके जागी होतात.

एपीएल या ल्युकेमियात हेच प्रथिन बिघडते. नॉर्वेच्या हिलेस्टाड यांनी १९५७ मध्ये या आजाराचे वर्णन केले. १९७७ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की यात १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदललेले असतात. त्या अदलाबदलीत आपले प्रथिन पीएमएल नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जोडले जाते. ही जोडगोळी जनुकांना कुलूप लावून बसते, शरीरातल्या नेहमीच्या रेटिनोइक ॲसिडला दाद देत नाही. पेशी जणू सातवीतच अडकतात आणि त्यांची संख्या वाढत राहते. शिवाय त्यांच्यातल्या द्रव्यांमुळे रक्त गोठण्याची सारी घडीच विस्कटते. मेंदूत रक्तस्राव होऊन काही दिवसांत माणूस दगावू शकतो.

१९८५ मध्ये शांघायच्या डॉ. वांग झेन-यी यांनी मरणाच्या दारात असलेल्या एका पाच वर्षांच्या मुलीला रेटिनोइक ॲसिडचेच एक रूप, एट्रा, मोठ्या मात्रेत दिले. कुलूप उघडले, अडकलेल्या पेशी पक्व होऊ लागल्या. मुलगी वाचली. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने २४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वळले.

दुसरे औषध ऐकून तुम्ही दचकाल: आर्सेनिक. मराठीत सोमल, उर्दूत संखिया, आणि दोन्हीकडे अर्थ एकच, जहर! हार्बिन शहरातील डॉक्टरांनी ते वापरात आणले. ते जोडगोळीतल्या पीएमएलला धरून सगळे प्रथिनच नष्ट करवते. आपल्याकडे वेल्लोरच्या सीएमसीतील डॉक्टरांनीही केवळ आर्सेनिकवर अनेक रुग्ण बरे केले. आता कमी धोक्याच्या रुग्णांना ही दोन्ही औषधे मिळून देतात, बहुतेकांना नेहमीची केमोथेरपी लागत नाही आणि दहांपैकी नऊहून अधिक बरे होतात.

मात्र हे ऐकून कोणी 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाऊ नयेत की कुणाकडून संखियाचे भस्म आणू नये. ही औषधे इस्पितळात, रोज तपासण्या करत द्यायची असतात. एट्रा गर्भाला घातक आहे. इतर बहुतेक ल्युकेमियांत कुलूप वेगळे, म्हणून ही किल्ली तिथे चालत नाही.

घरात कुणाच्या हिरड्यांतून रक्त थांबत नसेल, मार न लागता अंगावर निळे डाग उठत असतील, पाळीत अचानक फार रक्त जात असेल, तर "गरमी झाली" म्हणून आठवडा घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, सीबीसी करा आणि रक्ताची काच तपासायला सांगा. एपीएलची शंका आली की जाणते डॉक्टर गुणसूत्रांच्या अहवालासाठी थांबत नाहीत, एट्रा लगेच सुरू करतात.