साडेसातची मॅच नक्की कुणासाठी?

सरळ मुद्द्यावर येतो. आयपीएलच्या प्लेऑफची मॅच रात्री साडेसातला सुरू करणं हा क्रिकेट बघणाऱ्या माणसावर अन्याय आहे. आणि तो केला जातो 'फॅन्सच्या सोयीसाठी' असं सांगून. कुठल्या फॅनच्या, ते मात्र कुणी सांगत नाही.

थोडा इतिहास बघू. २००८ मध्ये स्पर्धा सुरू झाली तेव्हा रात्रीची मॅच आठला असायची. २०१८ च्या सुरुवातीला प्रक्षेपण करणाऱ्या चॅनेलने वेळ सातवर आणा म्हणून आग्रह धरला, तसं जाहीरही झालं. मग संघमालकांनी कुरकुर केली आणि साखळी सामने परत आठलाच राहिले. पण त्याच वर्षी प्लेऑफ आणि फायनल सातला ठेवली. कारण काय दिलं? तर लोकांना दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं, पोरांना शाळा असते. वा! म्हणजे प्रश्न काय आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पुढे २०२० पासून सगळीच गाडी साडेसातवर स्थिरावली, आणि २०२२ ची फायनल तर समारोपाच्या नाचगाण्यासाठी परत आठला गेली. आता ऑफिस आणि शाळा कुठे गेली हो?

आम्ही सॉफ्टवेअरवाले कुठल्याही प्लॅनमध्ये थोडा बफर ठेवतो, कारण काहीतरी बिघडणार हे गृहीत असतं. मेअखेरीस पाऊस येऊ शकतो हे सांगायला हवामान खातं लागत नाही. तरीही सगळा बफर मध्यरात्रीच्या पलीकडे! २०२३ ची फायनल आठवा. रविवार २८ मे पूर्ण वाहून गेला. बाहेरगावहून आलेली, पिवळ्या जर्सीतली माणसं अहमदाबाद स्टेशनच्या फरशीवर झोपली. सोमवारी पुन्हा पाऊस, चेन्नईची थांबलेली बॅटिंग परत सुरू झाली तेव्हा तारीख बदललेली होती, आणि जडेजाने शेवटच्या दोन चेंडूंवर सिक्स आणि फोर मारली तेव्हा रात्रीचा दीड वाजून गेला होता. २०२५ चा दुसरा क्वालिफायर, १ जून, परत अहमदाबाद. सुरू झाला पावणेदहाला. आपल्या मुंबईच्या श्रेयस अय्यरने ४१ चेंडूंत नाबाद ८७ करून मुंबईलाच घरी पाठवलं. आयुष्यात एकदा बघायला मिळावी अशी इनिंग, आणि अर्धा महाराष्ट्र झोपलेला.

पाऊस टीव्हीवाल्यांनी पाडला नाही, कबूल. पण हीच मॅच सहाला ठेवली असती तर पावसाचे सव्वादोन तास खाऊनसुद्धा सव्वाआठला सुरू झाली असती.

मग सहाला का नाही? आकडेमोड करू, आपला धंदाच आहे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले, ४१० सामने धरून. म्हणजे एका मॅचचे साधारण ११८ कोटी. मॅचचे चेंडू २४०, म्हणजे एका चेंडूमागे ४९ लाख. (वाइड नो-बॉल फुकट.) एवढे पैसे ओतणारा माणूस ते जाहिरातीतून वसूल करणार, आणि महागडी जाहिरात तेव्हाच लागते जेव्हा पुण्यातला, बंगळुरूतला पगारदार घरी येऊन, जेवणाचं ताट घेऊन सोफ्यावर बसलेला असतो. म्हणजे तुम्ही आणि मी. प्रत्येक इनिंगमध्ये अडीच-अडीच मिनिटांचे दोन टाइमआउट असतात, ते काय बॉलरला पाणी पाजायला? मॅच आपल्यासाठीच बेतलेली आहे मंडळी, फक्त आपण फॅन म्हणून मोजलो जात नाही, खरेदीदार म्हणून मोजलो जातो.

आणि जो खरेदीदार नाही त्याचं काय? माझं गाव चामोर्शी, जिल्हा गडचिरोली. माझा पुतण्या सहावीत आहे, दिवसभर टेनिस बॉलने खेळतो, प्रत्येक टीमचे अकरा जण त्याला पाठ. त्याने आजवर एकाही फायनलची शेवटची ओव्हर लाइव्ह बघितलेली नाही. दहा-साडेदहाला डोळे मिटतात, निकाल सकाळी कळतो. माझ्या काकांचं तर सरळ म्हणणं, "रातभर कोन जागते बाप्पा, सकाळी बांधीत जा लागते." २०२५ ची फायनल पुढे ढकलून ३ जूनला, मंगळवारी ठेवली. आमच्याकडे तेव्हा मृग तोंडावर आलेला असतो, धानाच्या पऱ्ह्यांची तयारी चालू असते. गड्याला सांगणार का, की आज जरा उशिरा येतो, विराट कोहलीची अठरा वर्षांची प्रतीक्षा संपली?

आता कुणी म्हणेल, तुम्ही खेडेगावातले लोक लवकर झोपता, त्याला कोण काय करणार! तर ऐका. रात्र जागवणं काय असतं ते झाडीपट्टीला शिकवू नका. आमच्याकडे नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. हजारो माणसं येतात, पोरंबाळं चादरीत गुंडाळून आणतात. पण ते कधी असतं? धान घरात आल्यावर, दिवाळीनंतर. बऱ्याच गावांत दिवसा शंकरपट, रात्री नाटक, म्हणजे पाहुणा एकदाच येतो. आणि नाटक पहाटे का संपतं याचा विचार केलाय? तेव्हा उजेड असतो, पहिली एसटी सुटायला आलेली असते. रात्री बारा-साडेबाराला रस्त्यावर सोडून दिलेला प्रेक्षक ही कल्पनाच त्या रंगभूमीला सुचलेली नाही. हे वेळापत्रक करायला कुणा एमबीएवाल्याला बोलवावं लागलं नाही. प्रेक्षक कोण, तो कसा येणार, कसा जाणार, एवढं बघितलं की झालं.

आम्हाला जवळचं मोठं स्टेडियम म्हणजे नागपूरचं जामठा. जवळचं म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपास :) २३ सप्टेंबर २०२२ ला तिथे भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी होती. मैदान ओलं, मॅच साडेनऊला सुरू झाली, आठ-आठ ओव्हरची. रोहितने वीस चेंडूंत ४६ ठोकले, पैसे वसूल. पण मॅच संपल्यावर त्या वेळेला वर्धा रोडवरून चामोर्शीला कसं पोचायचं, हे तिकिटावर छापलेलं नसतं.

बरं, हे फक्त आपल्याच लोकांना भोगावं लागतं असंही नाही. २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपमध्ये भारत सेमीफायनलला पोचला तर गयानालाच खेळणार, हे आधीच ठरवून ठेवलं होतं. कारण तिथली मॅच सकाळी साडेदहाची, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे आठ. गुरुवारी सकाळी साडेदहाला गयानातल्या माणसाने कामधंदा सोडून यायचं, कारण आपलं जेवण तेव्हा होतं. दुसरीकडे अफगाणिस्तान बांगलादेशला हरवून मध्यरात्र उलटल्यावर मोकळं झालं, विमान चार तास लेट, आणि लगेच दुसऱ्या दिवशी त्रिनिदादला सेमीफायनल. ५६ ऑल आउट. पिचही वाईट होतं, आणि आफ्रिकेचे बॉलर भारी होते. पण सेमीफायनल खेळणाऱ्या टीमला नीट झोपायला मिळू नये? आणि आम्ही त्या दिवशी मजेत प्राइम टाइम एन्जॉय केला.

उलट बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो खरा आहे. मे महिन्यात दुपारी अडीचला फायनल ठेवा असं मी म्हणणार नाही. चंद्रपूरचा मे ज्याने अनुभवलाय तो असलं बोलणारच नाही. पण अडीच आणि साडेसात यांच्यामध्ये सहा वाजतात. युरोपात चॅम्पियन्स लीगची फायनल वर्षानुवर्षं रात्री नऊला व्हायची. ऑगस्ट २०२५ मध्ये युएफाने जाहीर केलं की २०२६ च्या फायनलपासून ती संध्याकाळी सहाला. कारण दिलं प्रेक्षकांना घरी जायला वाहन मिळावं, पोरांना घेऊन येता यावं. त्यांच्याकडे काय टीव्ही नाही? जाहिराती नाहीत? (आपल्याकडे ती साडेबाराऐवजी साडेनऊला दिसणार, हा बोनस.)

तेव्हा मागणी छोटीशी आहे. प्लेऑफच्या चार मॅचेस, फक्त चार. सहाला टॉस नव्हे, सहाला पहिला चेंडू. नियमाप्रमाणे नव्वद मिनिटांच्या दोन इनिंग आणि मधली वीस मिनिटं धरली तर नऊ-वीसपर्यंत उरकते, रडतखडत पावणेदहा. फायनल शनिवारी किंवा रविवारीच. नाचगाणं करायचंय तर पाच वाजता करा, आम्ही तेही बघू. ऑफिसातून सहाला निघता येत नाही म्हणून पहिल्या चार ओव्हर हुकतील, तर त्या मी बसमध्ये मोबाइलवर बघेन. माझ्याकडे मोबाइल आहे, डेटा पॅक आहे, कंपनीची बस आहे. शेवटच्या चार ओव्हर माझ्या पुतण्याला द्या.