पत्र्यावरील रेघा आणि पत्र्यांचा हिशेब

पत्र्याच्या दुकानात पूर्वी गिऱ्हाईक येई ते सुताराने चिठोऱ्यावर लिहिलेली लांबी-रुंदी घेऊन. आता ते येते संगणकावर काढलेला सुबक नकाशा घेऊन. छपराच्या दोन्ही पाख्यांवर समांतर रेघा आखलेल्या असतात. त्या पाहून पत्रा न् पत्रा मोजून मांडला आहे अशी त्याची खात्री पटते. ही खात्री बहुधा निराधार असते, आणि तिची किंमत आपल्या व्यवसायबंधूंना मोजावी लागते. म्हणून हा विषय येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या रेघा येतात कोठून? ऑटोकॅड ही आज्ञावली १९८२ साली बाजारात आली. तिच्यात ‘हॅच’ नावाची सोय आहे. बंदिस्त आकृती दाखवावी, तयार नमुना निवडावा, की क्षणार्धात सारे पाखे रेघांनी भरून जाते. परंतु रेघांतील अंतर पत्र्याच्या पन्हळींवरून नव्हे, तर आरेखकाने दिलेल्या प्रमाणावरून ठरते; आणि डोळ्यांना बरे दिसेपर्यंत तो आकडा बदलीत राहण्याचीच वहिवाट पडली आहे. दुसरी खोच अशी की, वेगळे सांगितले नाही तर रेघांचा आरंभ नकाशाच्या शून्यबिंदूपासून धरला जातो, छपराच्या कडेपासून नव्हे. मग एका कडेला पाव पन्हळ, दुसऱ्या कडेला पाऊण, असे चित्र उमटते. छपरावर चढलेला कारागीर असा पत्रा कधी लावील काय?

हे केवळ शोभेचे चित्र आहे, त्यावरून माल मागवायचा नसतो, असा आरेखकांचा युक्तिवाद असतो. मंजुरीसाठी द्यावयाच्या कागदापुरता तो आम्हांस मान्य आहे. परंतु तोच कागद घेऊन गिऱ्हाईक आपल्या गादीपुढे बसते, त्याचे काय? समजा, पत्र्याची एकूण रुंदी १०६० मिलिमीटर आहे, आणि शेजारच्या पत्र्यावर चढणारा भाग वजा जाता १००० मिलिमीटर उरते. ६० मीटर लांबीच्या गोदामाला एका पाख्यावर ६० पत्रे लागतात. एकूण रुंदीने भागले तर ५७ च निघतात. दोन पाख्यांवर सहा पत्रे कमी पडले, आणि खानापूरकडच्या पावसात प्रत्येक पाख्याचे तीन मीटर उघडे राहिले! पत्रा रंगीत असेल तर मागाहून आणलेल्या सहांची छटा आधीच्या मालाशी जुळेलच असे नाही.

लांबीचीही तीच गत. वरून पाहिलेल्या नकाशात उतरते पाखे आखूड दिसते. नकाशात सहा मीटर भरणारे पाखे २० अंशांच्या उतारावर प्रत्यक्षात सुमारे ६.३९ मीटर असते, ३० अंशांवर ६.९३. आणि वळचणीबाहेर काढावयाचा भाग निराळाच.

वस्तुतः उपाय अवघड नाही. हॅचचा नमुना म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलीतील एकदोन ओळी: रेघेचा कोन, आरंभबिंदू आणि पुढील रेघेपर्यंतचे अंतर. पन्हळींतील खरे अंतर तेथे मिलिमीटरमध्ये लिहावे, प्रमाण एक ठेवावे आणि आरंभ पाख्याच्या कडेवर आणावा. रेव्हिट या आज्ञावलीत तर कागदी मापाचा नमुना आणि वास्तव मापाचा नमुना असे दोन स्वतंत्र प्रकारच आहेत.

तथापि हे माप आरेखकाला कळणार कसे? ते पुरविणे विक्रेत्याचे काम आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारखानदाराकडून पत्र्याचा छेद मागून घ्यावा. घरातील मुले-मुली आता संगणकावरील आरेखन शिकून येत आहेत. दुकानातील प्रत्येक जातीच्या पत्र्याची फाइल त्यांच्याकडून करवून घ्यावी व मागेल त्यास द्यावी. ती फाइल घेऊन गिऱ्हाईक शेजारच्या दुकानी गेले तर, अशी शंका काही बंधू काढतील. काही जण जातीलही. पण त्यांच्या नकाशावर पन्हळी आपल्या पत्र्याच्या असतील, आणि शेजाऱ्याकडे तो पत्रा नसला तर त्यांना पुन्हा आपल्याच दुकानाची पायरी चढावी लागेल.