उकिरड्याचेही पांग फिटतात



बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपल्याकडे म्हणतात. आज ही म्हण आठवली ती मुंबईच्या एका मोटारीवरून. शेतकऱ्याच्या घरी मोटारीचे काय काम, असे म्हणून पान उलटू नका. शेवटी गोष्ट तुमच्याच गोठ्याशेजारच्या पडवीत येऊन थांबणार आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी लालबाग-परळच्या गिरणीत कामाला होते. त्यांच्याकडे जाताना दादरला उतरायचे, तर बरोबर तांदळाचे नाही तर ज्वारीचे पोते, शेंगांची पिशवी आणि वळकटी असायचीच. एवढे ओझे घेऊन बसमध्ये कोण चढू देणार? मग काळी-पिवळी टॅक्सी करायची. पोते टपावरच्या कॅरिअरवर, म्हातारी माणसे मागे आणि पोरगा पुढे ड्रायव्हरशेजारी. पुढची बैठक बाकासारखी सलग आणि गिअरचा दांडा खाली नव्हे, तर चाकालाच लावलेला. डाव्या अंगाला बाहेर लोखंडी मीटर. ड्रायव्हरने त्याचे पान खाली पाडले की पैसे चालू झाले म्हणून समजावे. ती गाडी म्हणजे फियाट, पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले.

ही गाडी मुंबईतच, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यात तयार होई. कारखाना उभा केला शेठ वालचंद हिराचंद यांनी, १९४४ साली. हे नाव ऊसकऱ्यांना नवे नाही. रावळगाव आणि वालचंदनगरचे साखर कारखाने त्यांचेच. इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून कुर्ल्याला मोटारी निघू लागल्या. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली, आणि १९७४ पासून त्याच गाडीला प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले. इंजिन लहान, जेमतेम अकराशे सी.सी.चे, पण स्वभावाने गरीब. साध्या पान्या-हातोडीने दुरुस्त होणारे. म्हणून टॅक्सीवाल्याने तिला लक्ष्मी मानले. १९९० नंतरच्या काही वर्षांत मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्स्या साठ हजारांच्या घरात होत्या आणि त्यांत बहुतेक पद्मिनीच.

आता हिच्या किमतीची कथा ऐका. एकाच गाडीने तीन काळ पाहिले.

पहिला काळ परवान्यांचा. किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवी. देशात मोटारी करणारे कारखाने दोन-तीन. पैसे भरून नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे नंबरची वाट पाहायची. अशा वेळी ज्याच्या दारात गाडी उभी आहे, तो राजा. चार वर्षे वापरलेली फियाट विकली तरी घातलेल्यापेक्षा जास्त पैसे हातात पडत. बजाजच्या स्कूटरचेही तेच होते. वस्तू कमी, गिऱ्हाईक फार, म्हणून जुन्यालाही सोन्याचा भाव. यात प्रेमबीम काही नव्हते. नड होती.

दुसरा काळ पडतीचा. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. १९९३ साली मोटारींवरचे परवान्याचे बंधन सुटले आणि नव्या नव्या कंपन्या आल्या. हलक्या, चपळ, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या लोकांना हव्या झाल्या. पद्मिनीला कोणी विचारीना. २००१ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. ज्या गाडीसाठी लोक वर्षानुवर्षे थांबले होते, ती भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जाऊ लागली. चाळीच्या तोंडाशी, झाडाखाली, टायर बसलेली गाडी दिसली की ती फियाट समजावी, अशी तिची दशा झाली.

तिसरा काळ आताचा. मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा आहे. २००८ साली ती २५ वर्षे ठरली, २०१३ साली २० वर्षे झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आर.टी.ओ.त २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षे भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी तिचे मृत्युलेख छापावेत तसे लेख छापले. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनीही जाहीरपणे तिला निरोप दिला. टॅक्स्या गेल्या आणि लोकांना खासगी पद्मिनीची आठवण झाली. जी गाडी घरच्या माणसाने जपून वापरली, जिचा पत्रा सडलेला नाही, आतली बैठक मूळची आहे आणि कागद चालू आहेत, अशा गाडीला आज शोधत फिरणारे गिऱ्हाईक आहे. भंगाराच्या भावाची गाडी लाखांत बोलू लागली.

हे कशाने घडले? गाडी तीच, तिचे वय तर वाढलेच. बैल म्हातारा झाला की बाजारात त्याचा भाव उतरतो, आणि मोटार म्हातारी झाली की चढतो, हा काय न्याय?

न्याय असा की भाव वयाला मिळत नाही. हजारो गाड्यांतून ज्या थोड्या धडधाकट राहिल्या, भाव त्या थोड्यांना मिळतो. भंगारात गेलेल्यांनी मागे राहिलेल्यांची किंमत वाढवली. दुसरे कारण गिऱ्हाइकाचे वय. ज्या पोराने टॅक्सीच्या पुढच्या बाकावर बसून मुंबई पाहिली, तो आज पन्नाशी-साठीचा झाला, हातात चार पैसे आले, आणि त्याला ती गाडी हवी झाली. आठवणीला तराजू नसतो. तिसरे कारण सुटे भाग आणि हात. गिरगावात ऑपेरा हाऊसच्या आसपास मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने पूर्वापार आहेत. पूर्वी तिथे फियाटचे काहीही मागा, मिळे. कारखाना बंद झाल्यावर काचेची रबरे, दिव्यांच्या कड्या, दारांच्या मुठी हे शोधून काढावे लागते, आणि जुन्या कार्बोरेटरचा स्वभाव ओळखणारा मिस्त्रीही शोधावा लागतो. म्हणून ज्या गाडीचे सारे अंग मूळचे आहे तिला मोल, आणि जिला इकडचा दिवा नि तिकडचे दार लावले आहे तिला नाही.

आता तुमच्या पडवीकडे वळू.

फियाट खेड्यात थोड्यांकडे होती. पण यामाहाची आर.एक्स. १०० घ्या. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षे ती निघाली. जावा-येझदी म्हैसूरच्या कारखान्यातून १९९६ पर्यंत आल्या. जुनी बुलेट, जुनी जीप आहे. मोठ्या मुलाने नवी गाडी घेतली आणि आजोबांची जुनी पेंढीखाली गेली, असे किती घरांत झाले असेल! अशा दारी एखादा गोड बोलणारा माणूस येतो. "काका, हे लोखंड कशाला ठेवलंय? घरात अडचण नुसती. देतो पाच हजार." घरच्या बाईला वाटते, बरे झाले, कोपरा मोकळा झाला. आणि ती गाडी शहरात जाऊन धुऊनपुसून दहापट भावाने विकली जाते. म्हणून पहिले सांगणे हे की आपल्या घरात काय आहे ते आधी जाणा. दोन-तीन ठिकाणी भाव विचारल्याखेरीज देऊ नका. आर.सी. पुस्तक, जुन्या पावत्या, विम्याचे कागद डब्यात जपा. कागद असलेली आणि कागद नसलेली गाडी यांच्या भावात गाय आणि गाईचे चित्र एवढा फरक आहे.

दुसरे सांगणे याच्या उलट आहे, आणि जास्त महत्त्वाचे आहे. भाव वाढतो असे ऐकून जुनी गाडी विकत घ्यायला धावू नका. हिशेब करून पाहा. १९८५ च्या सुमारास आर.एक्स. १०० वीस हजारांच्या आसपास मिळे. आज कोणी तिचे लाखाच्या पुढे मागितले की आपण तोंडात बोट घालतो. पण त्या साली दहा ग्रॅम सोने दोन हजारांच्या थोडे वर होते. वीस हजारांत नव्वद ग्रॅमच्या वर सोने आले असते. २०२५ साली सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाचा आकडा ओलांडला. म्हणजे त्या सोन्याचे आज नऊ लाखांच्या पुढे झाले असते, आणि सोन्याला ना पेट्रोल लागते, ना टायर, ना विमा. गाडी वापरली, तिने मळ्यात-बाजारात नेले, लग्नकार्ये केली, तो तिचा खरा नफा. वर चार पैसे जास्त आले तर देवाने दिले म्हणावे.

शिवाय जुनी गाडी पाळणे म्हणजे भाकड जनावराला ओला चारा घालणे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीची ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, मोटारसायकलीची ३०० वरून १,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारीला १०,००० आणि मोटारसायकलीला २,००० ठरली. त्यावर आपल्या राज्याचा पर्यावरण कर वेगळा. नोंदणी पन्नास वर्षांपूर्वीची असेल आणि गाडी मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात आणि ती दहा वर्षे चालते. पण अशी गाडी प्रदर्शनाला, शर्यतीच्या मिरवणुकीला न्यावी. रोज बाजाराला नेता येत नाही, भाड्याने तर मुळीच नाही. १९७४-७५ च्या पहिल्या पद्मिनी आता या वयाला पोचल्या आहेत.

आणि तिसरे सांगणे, जे चुकले तर घर बसेल. गाडी विकली, पैसे मोजून घेतले, किल्ली दिली, म्हणजे व्यवहार संपला असे समजू नका. कायद्याच्या डोळ्यांना मालक तोच, ज्याचे नाव आर.टी.ओ.च्या दप्तरात आहे. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असाच निकाल दिला. एका माणसाने २००७ साली मोटार विकली. ती पुढे आणखी काही हातांतून फिरली. २००९ साली तिने अपघात केला आणि त्यात एक मूल दगावले. दप्तरात नाव पहिल्याच माणसाचे राहिले होते. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. गाडी विकून दोन वर्षे झाली होती, तरी!

म्हणून फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या करताना घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि तारीख भरलेली असल्याखेरीज सही करू नका. कोऱ्या कागदावर सही म्हणजे साप दाव्याने बांधणे. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची नक्कल ठेवा. गाडी राज्यातच जाणार असेल तर १४ दिवसांच्या आत आर.टी.ओ.ला कळवणे हे विकणाऱ्याचे काम आहे. परराज्यात जाणार असेल तर ना-हरकत दाखला काढावा लागतो. नाव बदलल्याची खात्री स्वतः करून घ्या, दलालाच्या तोंडावर जाऊ नका. गाडी अगदीच संपलेली असेल तर नोंदणीकृत भंगार केंद्रात देऊन दाखला घ्या. नव्या गाडीच्या करात त्यावर सवलत मिळते, आणि आपल्या नंबराची गाडी उद्या कुठे उगवण्याची भीती राहत नाही.

उकिरड्याचे पांग फिटतात हे खरे. पण उकिरडा बारा वर्षे जागेवर राहिला, म्हणून फिटतात. या सुट्टीत घरातल्या पोरांना हाताशी घ्या, पेंढी बाजूला करा, गाडीवरची धूळ पुसा आणि चेसिस नंबर पुस्तकाशी ताडून पाहा. ठेवायची तर नीट झाकून, टायर जमिनीवरून उचलून ठेवा. द्यायची तर नाव काढून द्या. अर्धवट मात्र सोडू नका.