शून्य बावीस कुणाचा?

(द्वितीय वर्ष, कला)

आमची महानगरपालिका वेगळी, महापौर वेगळा, मोरबे धरणही आमचे. मग टेलिफोनचा कोड तेवढा मुंबईचा का? सीवूड्समधल्या दुकानांच्या पाट्यांवर ०२२ पाहून एखाद्याला हा प्रश्न पडला तर नवल नाही. नव्या शहराला स्वत:चा आकडा हवा, हे म्हणणे कानाला गोड लागते. मला मात्र ते पटत नाही.

आधी हे आकडे वाटले कसे जातात ते पाहू. देशांचे आकडे ठरवते जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना. १९६० नंतरच्या काही वर्षांत तिने जगाचे विभाग पाडले. नऊच्या विभागात भारताला ९१, पाकिस्तानला ९२, श्रीलंकेला ९४ मिळाला. नियम साधा आहे. एकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याची सुरुवात होता कामा नये. ९१ भारताला दिला की ९१० ते ९१९ कुणालाच देता येत नाहीत. त्यामुळे आखूड आकडे थोडेच उरतात. जिथे फोन पुष्कळ होणार असे वाटले तिथे ते गेले; नेपाळला ९७७ आला, बांगलादेशाला ८८०. यात मानापमान कसला? नंबर फार लांबू नये, एवढाच हिशेब!

काही देश तर एकाच आकड्यावर नांदतात. १ हा आकडा अमेरिकेचा, तसाच कॅनडाचा आणि जमैका, बार्बाडोस, त्रिनिदादचाही. सोव्हिएत संघ १९९१ साली मोडला, तरी कझाकस्तान रशियाबरोबर ७ वरच राहिला. व्हॅटिकनसाठी ३७९ राखून ठेवला आहे, पण तिथले फोन वाजतात ते इटलीच्या ३९ वर. म्हणून पोपमहाराजांचे महत्त्व कमी झाले असे कुणी म्हणत नाही!

याची दुसरी बाजूही आहे. कोसोव्होने २००८ साली स्वातंत्र्य जाहीर केले, पण स्वत:चा ३८३ मिळायला २०१६ उजाडले. तोवर तिथले मोबाईल मोनॅको आणि स्लोव्हेनियाच्या उसन्या आकड्यांवर चालत. तिथे आकडा म्हणजे जगाची मान्यता होती. आपली गोष्ट तशी नाही. आपल्याला कुणी नाकारलेले नाही.

आता घरचे पाहू. सिडकोची स्थापना १९७० ची, नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १९९२ पासूनचा. ठाण्याची महानगरपालिका १९८२ ची, पनवेलची २०१६ ची. या सर्वांचा कोड ०२२. कल्याणचा मात्र ०२५१ आणि वसईचा ०२५०. एसटीडीच्या मीटरकडे डोळे लावून बोलण्याचे दिवस आमच्या पिढीने पाहिले नाहीत, वडीलधाऱ्यांनी पाहिले. त्या दिवसांत एकाच कोडात असणे म्हणजे शून्य न फिरवता बोलणे आणि मीटरच्या धसक्यातून सुटणे. मुंबईत नोकरीला जाणाऱ्याच्या घरी हा फायदा अभिमानापेक्षा मोठा होता.

मात्र सामाईक विहिरीसारखेच हे आहे. विहीर कुणाच्या नावावर आहे यापेक्षा पाणी सर्वांना सारखे मिळते का, हे विचारावे. कॅरिबियन बेटांचा आकडाही १ असल्याने ८०९ चा नंबर देशातलाच समजून कित्येक अमेरिकनांनी तो फिरवला आणि परदेशी कॉलचे बिल भरले. आकडा एक असला तरी दर एक असतोच असे नाही. म्हणून जागरूक राहायचे ते दराबाबत आणि निर्णयाबाबत. आपल्याकडे क्रमांकांची योजना केंद्राचा दूरसंचार विभाग ठरवतो. उद्या ती बदलली तर इथल्या माणसांना आधी विचारले जावे, ही मागणी मी आनंदाने करीन.

आणि अभिमानच बाळगायचा तर त्याला जागा आहेत. आमच्या स्टेशनच्या नावात सीवूड्सबरोबर दारावेही आहे. सीवूड्स हे नाव नवे; दारावे, करावे ही गावे जुनी. ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. त्या गावांची नावे बोलण्यात टिकली पाहिजेत, गावठाणातली घरे कागदोपत्री घरवाल्यांच्या नावावर झाली पाहिजेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. सरकारी कागदावरच्या एका ओळीचे मोल काय असते, ते अशा घरांना विचारावे. त्या ओळीसाठी भांडू या. शून्य बावीस मुंबईचा आहे, ठाण्याचा आहे आणि तितकाच आपलाही आहे.