पाटा वाढवला की पिकअपची क्षमता वाढते का?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरून मासळी घेऊन निघणारी पिकअप मागून खाली बसायला लागली, की एक सल्ला हमखास मिळतो : ‘एक पाटा वाढवा’. खर्च कमी आणि गाडी लगेच उंच दिसते. पण गाडी उंच दिसली म्हणजे तिची ओझं वाहण्याची क्षमता वाढली, असं होत नाही.

वजन नेमकं किती?

आपल्याकडच्या हवेत मासळी टिकवायला साधारण तिच्या वजनाइतकाच बर्फ लागतो. म्हणजे १ टन मासळीसोबत १ टन बर्फ. क्रेटचं वजन वेगळं. १.७ टन क्षमतेची गाडी इथेच ओव्हरलोड होते. हिशेब मासळीचा होतो, भार मात्र बर्फाचाही पडतो.

पाटा वाढवल्यावर काय होतं?

पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. बाकी मापं तीच ठेवून ८ मिमीऐवजी १० मिमीचा पाटा घातला, तर तो जवळपास दुप्पट ताठ होतो. गाडी बसत नाही. पण अ‍ॅक्सल, टायर, बेअरिंग आणि चेसिस तेच राहतात. रिकामी परतताना मागची चाकं उसळतात, ते वेगळंच.

सर्वात मोठा धोका ब्रेकचा. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर लोडनुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. चेसिस आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर किती कमी झालं, यावरून तो लोड ओळखतो. जादा पाट्यामुळे गाडी बसतच नाही. मग व्हॉल्व्ह गाडी हलकी समजतो आणि मागचे ब्रेक कमी लागतात. कार्लेखिंडीच्या उतारावर हे जिवावर बेतू शकतं.

मग निवड कशी करावी?

• भरलेली गाडी आधी वजनकाट्यावर न्यावी आणि वजन आरसीवरच्या मर्यादेशी ताडून पाहावं.

• वजन मर्यादेत असूनही गाडी बसत असेल, तर पाटे थकले आहेत. त्याच मॉडेलसाठी कंपनीने दिलेला संच दोन्ही बाजूंना एकदम बदलावा. यू-बोल्टही नवे घ्यावेत.

• तुटलेला पाटा वेल्डिंग करून चालवू नये.

• क्रेटमधलं खारट पाणी पाट्यांत मुरून गंज धरतो. गोड्या पाण्याने धुवावं, तडे तपासावेत.

• वजन मर्यादेबाहेर असेल, तर मोठी गाडी किंवा दोन फेऱ्या, एवढेच पर्याय.

‘दोन फेऱ्या परवडत नाहीत’ ही मालकांची अडचण खरी आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. भर उन्हात रस्त्याकडेला उतरवलेली मासळी किती वेळ टिकणार? प्रत्येक मासळी बंदरावर वजनकाटा असेल, तर हा हिशेब निघण्याआधीच करता येईल. पाट्यांपेक्षा गरज त्याची आहे.