मामांचा वजनकाटा

ट्रेकची शॉपिंग लिस्ट जवळपास संपली होती. थर्मल्स, पॉन्चो, सनस्क्रीन... अडलं होतं ते एकाच आयटमवर. कॅमेरा! सप्टेंबरमध्ये पिन-भाबा पास करायचाय. किन्नौरमधल्या काफनूपासून स्पितीतल्या मूदपर्यंत, मध्ये सुमारे ४९०० मीटरवरची खिंड. वाटेत चार्जिंग पॉइंट नावाची भानगड नाही. मोबाइलवर रोज चाळीस फोटो काढायचे आणि एकही परत बघायचा नाही, या सवयीचा मला कंटाळा आला होता (तुम्हालाही आला असेलच!). म्हणून यंदा फिल्म, हे पक्कं. प्रश्न होता फॉरमॅटचा.

माझं मन मीडियम फॉरमॅटवर. १२० ची फिल्म, सहा बाय सहाची चौकोनी फ्रेम. थर्टी-फाइव्हच्या निगेटिव्हच्या साडेतीन पटींहून मोठी. भिंतभर प्रिंट काढा, दगड न् दगड दिसेल! दोन्ही प्रकारचे कॅमेरे मामांकडे होते. यशिका मॅट १२४ जी आणि निकॉन एफएम२. मामांचं मशीन शॉप शिरोली एमआयडीसीत. फोन केला तर म्हणाले, "शॉपवरच ये. काट्यावर ठरवू."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण त्यांनी खरंच दोन्ही कॅमेरे कास्टिंगच्या वजनकाट्यावर ठेवले. यशिका ११०० ग्रॅम. निकॉन लेन्ससकट सातशेच्या आसपास.

"चारशे ग्रॅमचाच तर फरक!" मी खूश.

"थांब गं. फोटो किती काढणार?"

"दोनशे तरी."

"मग मोज. तुझ्या चौकोनी फ्रेमचे रोलला बारा. म्हणजे सतरा रोल. थर्टी-फाइव्हचे छत्तीस. सहा रोलात काम फत्ते. आणि मोठ्या फॉरमॅटची नॉर्मल लेन्सच ८० मिमीची. जवळचं फूल आणि लांबचं शिखर दोन्ही शार्प हवं तर ॲपर्चर बारीक करायचं, मग शटर स्लो, मग ट्रायपॉड. ठेव त्यालाही काट्यावर!"

पुढची परीक्षा त्याहून भारी. मला वेल्डिंगचे हातमोजे दिले, समोर पेडेस्टल फॅन लावला आणि एक्स्पायरी झालेला रोल हातात देऊन म्हणाले, "हं, बदल आता." १२० च्या रोलला मागे कागद असतो. त्याचं टोक रिकाम्या स्पूलच्या फटीत घालायचं, बाण खुणेवर आणायचा, रोल संपला की पट्टी चिकटवायची. घरी सोफ्यावर एकदम रोमँटिक! इथं रोल हातातून सुटला आणि उलगडत थेट लेथखाली. कामगार हसले, मीही हसले. थर्टी-फाइव्हचा रोल धातूच्या डबीत. तो दुसऱ्या खेपेला बसला.

"आणि बॅटरी?" मी विचारलं.

मामा जरा गप्प झाले. १९८६ ला ते मित्राबरोबर हिमालयात गेले होते. तेव्हा जवळ इलेक्ट्रॉनिक शटरचा कॅमेरा होता. खिंडीत थंडीनं बॅटरी बसली. जादा सेल खेचरावरच्या सॅकमध्ये आणि खेचर पुढं गेलेलं. मित्र टोपी नीट करून उभा राहिला, हसला आणि शटर पडेचना. "तो चार वर्षांपूर्वी गेला. वहिनी अजून विचारतात, वरचा फोटो नाही का हो एखादा?"

त्यानंतर मामांनी एफएम२ घेतला. त्याचं शटर सगळ्या स्पीडला बॅटरीशिवाय चालतं. सेल लागतो तो फक्त मीटरला. मामा म्हणाले, "बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला. तोही हँडल फिरवूनच चालायचा!"

मग मलाही एक गोष्ट आठवली. २९ मे १९५३ ला एव्हरेस्टवर हिलरीकडे होता साधा थर्टी-फाइव्हचा कोडॅक रेटिना. त्यात तेनसिंगचा फोटो आला आणि जगभर गेला. हिलरीचा स्वतःचा शिखरावरचा फोटो मात्र नाहीच!

तर मंडळी, फंडा सिंपल आहे. गाडी दारापर्यंत जात असेल, ट्रायपॉड उचलायला कुणी असेल, तर मीडियम फॉरमॅट खुशाल न्या. पाठीवर आठवड्याचा संसार असेल तर थर्टी-फाइव्ह, तोही मेकॅनिकल. मीटरचा सेल आतल्या खिशात ठेवा. थंडीत फिल्म कडक होते, ती हळू ओढा. उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, नाहीतर लेन्सवर दव धरतं. बर्फ मीटरला फसवतो, म्हणून एक-दीड स्टॉप जास्त एक्स्पोजर द्या. आणि बरोबरच्या माणसाचा फोटो पहिल्या रोलातच काढा. डोंगर पुढच्या वर्षीही तिथंच असतो.

निघताना निकॉनमध्ये नवा रोल भरला. मामा काट्याशेजारी उभे होते, हाताला ग्रीस.

"अगं, इथं कशाला फ्रेम वाया घालवतेस?"

मी शटर दाबलं. पस्तीस उरल्या.