अदायगीचा अधिकार आणि लोकमत

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात सरकारी देणी चुकती करण्याचा हुकूम काढणारा कंप्ट्रोलर राज्यभरच्या मतदारांनी निवडावयाचा असतो. आणि जमाखर्चाच्या जाणकाराचे हे पद निवडणुकीच्या धामधुमीत ओढणे म्हणजे दफ्तराला पक्षीय राजकारणाचा संसर्ग लावणे होय, असा आक्षेप विचारी माणसेही घेतात. राष्ट्रपतींनी नेमलेला महालेखापरीक्षक पाहण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकांनाही तो सहज पटेल.

आक्षेपकांचा सर्वांत बळकट दाखला ऑर्व्हिल हॉज याचा. लोकांनीच निवडलेल्या इलिनॉयच्या या राज्य-हिशेबनिसाने बनावट धनादेशांच्या द्वारे दहा लाखांहून अधिक डॉलरांची अफरातफर केली व ती १९५६ साली शिकागोच्या एका वृत्तपत्राने चव्हाट्यावर आणली. परंतु हुकूम काढणे आणि हिशेब तपासणे ही दोन्ही कामे त्याच्याच दफ्तरात होती; तेव्हा या दाखल्याने सिद्ध होते ते इतकेच की, ती एका दफ्तरात नांदू देऊ नयेत. १९७० च्या राज्यघटनेने हाच बोध घेतला: पैसा खजिनदाराने सांभाळावा, तो कंप्ट्रोलरच्या हुकुमानेच बाहेर पडावा, आणि तपासणी विधिमंडळाने तीनपंचमांश मतांनी दहा वर्षांसाठी निवडलेल्या महालेखापरीक्षकाने करावी. म्हणूनच खजिनदार व कंप्ट्रोलर ही पदे एकत्र करून खर्च वाचवावा, ही सूचना काटकसरीची दिसली तरी घातकच आहे.

आता कंप्ट्रोलरचे काम निव्वळ कारकुनी आहे काय, ते पाहू. २०१५ पासून राज्यपाल व विधिमंडळ यांच्या तंट्यामुळे दोन वर्षांहून अधिक काळ राज्याला पुरे अंदाजपत्रकच मिळाले नाही, आणि थकलेली देयके १५ अब्ज डॉलरांच्या वर गेली. एका बाजूला वृद्धाश्रमाचे देयक, दुसऱ्या बाजूला विद्यापीठाचे, दिरंगाईबद्दल अनेक देयकांवर दरमहा एक टक्का व्याज चढत असलेले, आणि तिजोरीत सर्वांना पुरेल इतका पैसा नाही; अशा वेळी कायद्याने व न्यायालयाने बांधून दिलेली देणी वगळता आधी कोणाचे भागवावयाचे हा निर्णय न्यायान्यायाचा असतो, त्रैराशिकाचा नव्हे.

असा निर्णय घेणाऱ्याने जाब कोणाला द्यावा? राज्यपालाच्या नेमणुकीने आलेल्या लेस्ली मंगर यांना २०१६ च्या विशेष निवडणुकीत मतदारांनी दूर सारले व सुझाना मेंडोझा यांना निवडले. आणि पुढल्याच वर्षी थकबाकीचा तपशील खात्यांनी दरमहा सादर करावा, असा त्यांनी पुरस्कारलेला कायदा राज्यपालाचा नकाराधिकार मोडून मंजूर झाला. राज्यपालाच्या मर्जीवर ज्याची खुर्ची अवलंबून, त्याला असा आग्रह धरणे कितपत परवडले असते? तपासनीस नेमलेला असावा, कारण त्याने लोकप्रियतेकडे पाहू नये. पण ज्याच्या सहीने एकाला पैसा मिळतो व दुसरा तिष्ठत राहतो, त्याला ज्यांचा तो पैसा आहे त्या लोकांनीच निवडावे व त्यांनीच काढावे.